लॅब्रॅडॉरला आळशी म्हणण्याआधी...

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘फ्लॅटमध्ये कोणता कुत्रा पाळावा’ असा लेख आला होता. त्यात लॅब्रॅडॉरला तीन विशेषणं लावली आहेत : आळशी, खादाड आणि शोभिवंत. खादाड मान्य. बाकी दोन वाचून मात्र गप्प बसवेना. मी एकोणीस वर्षं पोलिसांच्या श्वान पथकात हँडलर होतो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. पाच लॅब्रॅडॉर माझ्या हाताखाली होते. त्यांच्यात आळशी एकही नव्हता. थंडीतल्या पहाटेच्या परेडला आळस कुणी केला असेल तर तो मी.

आता घरी शेवंती आहे. पिवळी लॅब्रॅडॉर, सहा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिला दिंडोरी तालुक्यातल्या मेहुण्याच्या बागेत नेलं होतं. द्राक्षांचा खुडा चालू होता. बायका कात्रीनं घड कापून क्रेटमध्ये ठेवत होत्या. एक घड वेलीखाली निसटला. शेवंतीनं तो उचलला, चाळीस-पन्नास पावलं चालत आली, माझ्यासमोर बसली आणि मी हात पुढे करेपर्यंत तोंडात धरून राहिली. माझी पाचावर धारण बसली, कारण द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. घाईघाईनं घड काढून घेतला, मणी मोजल्यासारखे तपासले. एकही फुटला नव्हता. मण्यांवरची पांढुरकी झाक जिभेनं दोन ठिकाणी पुसली होती, तेवढंच. मेहुणा म्हणाला, ‘‘दाजी, हिला पॅकहाउसला लावू का कामाला? बायकांपेक्षा हलका हात आहे हिचा.’’ (बायकांनी त्याला काय ऐकवलं ते छापण्याजोगं नाही.)

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. ते रक्तातच उतरलेलं आहे, आणि ते कसं उतरलं याला इतिहास आहे.

लॅब्रॅडॉरचे पूर्वज लॅब्रॅडॉर प्रांतातले नव्हेत, तर शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथल्या कोळ्यांच्या होड्यांवर हे कुत्रे असत. गळातून सुटलेला मासा, पाण्यात पडलेला दोर ओढून आणणं हे त्यांचं काम. मासळीच्या जहाजांबरोबर ते इंग्लंडला पोहोचले आणि तिथल्या जमीनदारांच्या नजरेत भरले. इंग्लंडात शिकारी कुत्र्यांची पहिली ट्रायल, म्हणजे कामाची स्पर्धा, 1865 साली बेडफर्डशायरमधल्या साउथहिलला झाली, पण ती होती पॉइंटर आणि सेटर यांची, म्हणजे दबलेला पक्षी दाखवून देणाऱ्या कुत्र्यांची. पुढे मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या, बार भराभर निघू लागले, हाकारे घालून पक्षी उठवायची पद्धत रुळली. मग पक्षी दाखवणाऱ्यापेक्षा पडलेला पक्षी शोधून आणणाऱ्याची गरज वाढली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रिट्रीव्हरच्या, म्हणजे अशा शोधून आणणाऱ्या कुत्र्यांच्या, वेगळ्या ट्रायल सुरू झाल्या त्या यामुळे.

या ट्रायल म्हणजे धावण्याची शर्यत असं अनेकांना वाटतं. खरी परीक्षा असते न धावण्याची. पाच-सहा कुत्रे हँडलरशेजारी बसलेले, गळ्यात पट्टासुद्धा नाही. समोर पक्षी उठतात, डोक्यावर बार होतात, वीस पावलांवर धपकन पक्षी पडतो. कुत्र्यानं फक्त बघायचं आणि कुठं पडला ते लक्षात ठेवायचं. परीक्षक ज्याचा नंबर पुकारेल त्यानंच जायचं. न सांगता सुटला की बाद. बसल्या जागी कुंई केलं तरी बाद. एकाला न सापडलेला पक्षी दुसऱ्यानं आणला, तर त्यानं पहिल्याचे ‘डोळे पुसले’ असं तिकडे म्हणतात. आपल्याकडे डोळे पुसतात ते सांत्वनासाठी, तिकडे डोळे पुसले की पहिल्याचा निकाल लागला! कुणालाच जमलं नाही तर परीक्षक स्वतः गवतात शिरतात, आणि त्यांना पक्षी सापडला तर शोधून परतलेल्या कुत्र्यांची गच्छंती.

आता द्राक्षाच्या घडाचा उलगडा. कुत्र्यानं आणलेला पक्षी परीक्षक हातात घेतो, दोन्ही बाजूंच्या फासळ्या बोटांनी चाचपतो, पिसं फुंकून बघतो. कुत्र्यानं दाबून फासळ्या चुरडल्या असतील तर ते ‘कडक तोंड’, आणि बाकी कितीही चांगलं काम केलेलं असो, त्याचा खेळ संपला. असा कुत्रा पैदाशीलाही कुणी धरत नाही. शंभर-सव्वाशे वर्षं ही चाळण लागली, म्हणून शेवंतीच्या जबड्यातून द्राक्षं शाबूत आली.

सुरुवातीला या ट्रायलमध्ये दबदबा होता तो लांब केसांच्या फ्लॅटकोटेड रिट्रीव्हरचा. 1904 मध्ये मुंडेन सिंगल नावाची लॅब्रॅडॉर मादी उतरली. रिट्रीव्हरची अजिंक्यपद स्पर्धा 1909 मध्ये सुरू झाली आणि 1911 मध्ये पीटर ऑफ फॅस्कली या लॅब्रॅडॉरनं ती मारली. पुढं काय झालं ते आज कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये दिसतं : फ्लॅटकोटेड मला नाशिकमध्ये अजून भेटलेला नाही. गोल्डन रिट्रीव्हरही त्याच कुळातला. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे 1868 साली पिवळी पिल्लं झाली, त्यांतल्या तिघांची नावं फुलांची होती : क्रोकस, काउस्लिप, प्रिमरोज. शेवंतीचं नाव ठेवताना मला हे माहीत नव्हतं. कळल्यावर मात्र सौ.ला दोनदा ऐकवलं, कारण ‘हे काय कुत्रीचं नाव आहे का?’ असं तीच म्हणाली होती.

अमेरिकेत हा खेळ 1931 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टरला सुरू झाला. तिकडे भर पडली ती न पाहिलेला पक्षी आणण्याची. स्कॉटलंडहून गेलेल्या डेव्ह इलियट या ट्रेनरनं मेंढपाळांची पद्धत उचलली. मेंढपाळ शिट्टी आणि हातवारे करून लांबवरचा कुत्रा वळवतो, तसा त्यानं रिट्रीव्हर वळवला. एक शिट्टी, की कुत्रा थबकून मागं वळून बघणार. उजवा हात बाजूला, की उजवीकडं. आमच्या पथकात आम्ही कुत्र्याला हातानं दिशा द्यायचो तेव्हा ही विद्या कुठून कुठं फिरून आली आहे याची कल्पना नव्हती. तिथलाच किंग बक हा काळा लॅब्रॅडॉर. पिल्लू असताना डिस्टेंपर या रोगानं मरता मरता वाचलेला. त्यानं 1952 आणि 1953 अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. 1959 च्या सरकारी बदक-तिकिटावर तोंडात बदक धरलेलं त्याचं चित्र आहे. हे तिकीट तिथल्या बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी घ्यावंच लागतं आणि त्या पैशातून पाणथळी राखतात. चित्राबरोबरचा मजकूर असा, की रिट्रीव्हर शिकार वाया जाऊ देत नाहीत.

आपल्या जिल्ह्यातही बदकं पडायची. माझे आजोबा निफाड तालुक्यातले. इंग्रजांच्या काळात हिवाळ्यात देवळालीच्या छावणीतले साहेब नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर बदकं मारायला येत. साहेबांची बंदूक विलायतेची, पण पडलेलं बदक आणायला कमरेएवढ्या गार पाण्यात, पाणगवतात शिरायचे ते आजोबा आणि गावातली पोरं. बदकामागे दोन आणे. थोडक्यात, साहेबांचे रिट्रीव्हर आम्हीच. आजोबांना म्हातारपणी गुडघ्यांनी छळलं, त्याचं मूळ ते त्या पाण्यात सांगायचे. 1972 चा वन्यजीव कायदा आला, बंदुका थंडावल्या, उत्तम झालं. तेच पाणी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलं. तिथं कुणी कुत्रा घेऊन जाऊ नये, बांधावरसुद्धा नाही.

मला शिकार परत नको आहे. खुद्द इंग्लंडातही आता ट्रायलखेरीज पक्ष्याऐवजी कॅनव्हासच्या डमीवर, म्हणजे फेकायच्या नकली शिकारीवर, वेगळ्या चाचण्या होतात. आमच्या पथकात पिल्लू निवडतानाही हेच बघत. उंच गवतात चेंडू फेकायचा आणि घड्याळ लावायचं. सापडत नाही म्हणून दोन मिनिटांत परत येतं ते नापास, नाक खाली घालून तिथंच घिरट्या घालत राहतं ते आपलं. 2015 च्या सिंहस्थात रामकुंडावर माझा कुत्रा रोज पहाटे पायऱ्या, निर्माल्याचे ढीग, बेवारस पिशव्या हुंगत फिरला. तो स्फोटकं शोधत होता असं लोकांना वाटे. तो शोधत होता माझ्या खिशातला रबरी चेंडू. नेमून दिलेला वास सापडला की चेंडू मिळतो, एवढंच त्याचं गणित.

खादाडपणाचंही तसंच. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये सुमारे चौथाई लॅब्रॅडॉरमध्ये भूक वाढवणारा एक जनुकीय बदल आढळला, आणि दिव्यांगांच्या मदतीला निवडलेल्या कुत्र्यांत तो कितीतरी जास्त निघाला. खाऊसाठी जीव टाकतो म्हणून तो शिकतो. अशा कुत्र्याला दिवसभर गॅलरीत बांधायचं, चार चपात्या जास्त घालायच्या आणि वर आळशी म्हणायचं, हा कुठला न्याय?

तेव्हा लेखिकाबाईंना विनंती, पुढच्या लेखात फ्लॅटच्या चौरस फुटांआधी एवढं लिहा : रोज वीस मिनिटं काहीतरी फेका आणि आणायला लावा. आधी त्याला बसवा, फेका, दहा आकडे मोजा, मग सोडा. डमी विकत घ्यायची गरज नाही. जुन्या जीन्सची टांग कापायची, आत काथ्या आणि एक रिकामी प्लास्टिकची बाटली, दोन्ही तोंडं सुतळीनं शिवायची. पाण्यावर तरंगते. शेवंतीची पहिली डमी माझ्या मुलाच्या चांगल्या पँटची झाली, तो विषय वेगळा.

आमच्या भागातल्या एका गृहस्थांनी त्यांचा पडीक प्लॉट रविवारी सकाळी साडेसहा ते आठ वापरायला दिला आहे. सध्या आम्ही चौघं आणि चार कुत्रे आहोत. कुणाला यायचं असेल तर आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी दर सोमवारी चौकशी करीन. डमी माझ्याकडे भरपूर आहेत. कृपया द्राक्षं आणू नयेत.

आपला,
एक निवृत्त श्वान हँडलर, सिडको, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती.)