नकाशा माझ्या बाजूला फिरवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नगर अभ्यासाच्या एम.ए.चं पहिलं सत्र सुरू झालं. सत्तेचाळिसाव्या वर्षी अर्ज केला की "आता कशाला?" हे ऐकावं लागतंच, एका प्रवेश कक्षात तर कागद हातात घ्यायच्या आधीच विचारलं. तुम्ही मात्र पणजीत पाटोच्या ग्रंथालयात टेबलावर नकाशा पसरलात आणि तो फिरवून माझ्यापुढे सरळ केलात. पुढचा तासभर तुम्ही स्वतः तो उलटा वाचत होता. जाणत्या माणसानं एवढं करणं किती दुर्मीळ आहे!

तुम्ही लावलेली शिस्त वह्या-पुस्तकं सुटलेल्या प्रत्येकाच्या कामाची, म्हणून उघडपणे लिहिते. आधी उत्तर दिशा, मग तारीख, मग प्रमाण. १:२००० म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर २० मीटर. पण ए-३ ची झेरॉक्स ए-४ वर घेतली की लांबी ७१ टक्क्यांवर येते, क्षेत्रफळ निम्मं होतं आणि छापलेला आकडा खोटा ठरतो. नवखे इथंच फसतात. नकाशावरची मापपट्टी सोबतच आकसते, म्हणून मोजायचं ते पट्टीवरून.

मग तुमचं बोट नकाशातल्या पाण्यावर. खाजण म्हणजे खाडीकाठची सखल जमीन, तिला खाऱ्या पाण्यापासून राखणारा बांध आणि बांधातली पाण्याची झडप म्हणजे मानस. मानशीचं दार भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं. दार मिटलेलं असताना पावसाचं पाणी खाजणात थांबतं. तिथं मातीचा भराव पडला की थांबायची जागाच जाते आणि पाणी वस्तीत शिरतं. पूर का येतो, हे मला त्या बोटानं कळलं.

'शहर' हा शब्दही तुम्हीच सोडवून दिलात. किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, ७५ टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेर, एवढं भरलं की जनगणना गावाला शहर म्हणते. कारभार मात्र पंचायतीकडेच. २०११ साली गोव्यातले ६२ टक्के लोक शहरी मोजले गेले, त्यांत अशी कितीतरी गावं आहेत. कचरा नि बांधकाम परवान्यांचे प्रश्न वाचताना हे धरूनच चालावं लागतं.

सांतिनेजच्या खाडीकाठचा माझा पहिला नकाशा झाला की घेऊन येईन. टेबलावर तो तुमच्या बाजूनं सरळ ठेवीन.

तुमची कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी