तिसऱ्या पानावर अडलोय

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला तीन आठवडे लावले. पूर्वीचा मी त्याच रात्री लिहायला बसलो असतो. "तिकडचा अभ्यास झेपतोय ना?" असं विचारलंयस. अभ्यास झेपतो रे. इथला संथपणा झेपत नव्हता.

आल्या आल्या मी एका सत्रासाठी 42 क्रेडिटचे विषय निवडले. सल्लागार बाईंनी यादी पाहिली आणि समोर हिशेब मांडला. इथं युरोपात एका क्रेडिटमागे साधारण 25 ते 30 तासांचा अभ्यास धरतात. सत्राचे क्रेडिट 30, म्हणजे 750 ते 900 तास. माझी यादी हजाराच्या पुढे जात होती. "मग विचार कधी करणार?" एवढंच त्यांनी विचारलं. मी दोन विषय खोडले आणि खोलीवर येऊन गप्प बसून राहिलो. काहीतरी हरल्यासारखं वाटत होतं.

पुढचे दोन महिने वाईट गेले. संध्याकाळी सहानंतर विभागात चिटपाखरू नसायचं. मी एकटा दिवा लावून बसायचो, बहुतेक वेळा नुसताच. एकदा रात्री अकराला मार्गदर्शक सरांना गणितातली नऊ पानांची सिद्धता पाठवली. उत्तर सहा दिवसांनी आलं. ते सहा दिवस मी दर तासाला मेल उघडत होतो. आपलं काही चुकलं, सर नाराज आहेत, नाही नाही ते मनात येत होतं. उत्तर आलं ते फक्त तिसऱ्या पानाबद्दल, पण चांगलं दीड पानाचं! तिथं मी 'हे उघड आहे' असं लिहून पुढे गेलो होतो. सरांनी विचारलं होतं, कसं उघड आहे? मला सांगता येईना. मित्रा, दोन रात्रींत अख्खं प्रकरण उरकताना आपण हे 'उघड आहे' किती वेळा लिहिलं असेल? आपण हुशार होतो, पण थांबायला आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

फ्रेंच गणितज्ञ प्वँकारे आठवतो ना? फुक्सीय फलनं म्हणून एका खास प्रकारच्या गणिती फलनांवर काम करत असताना तो भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेला. प्रवासात गणित डोक्यात नव्हतं. कुतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि त्या फलनांचा अयुक्लिडीय भूमितीशी, म्हणजे शाळेतल्या युक्लिडच्या भूमितीहून वेगळ्या भूमितीशी, असलेला संबंध त्याला एकदम दिसला. पडताळा त्यानं घरी परतल्यावर निवांत घेतला. आधी त्यानं किती डोकं झिजवलं होतं तेही खरं. नुसतं फिरून काही सुचत नाही. पण त्या पडताळ्याची त्यानं घाई केली नाही, हे मला फार आवडतं.

सगळाच संथपणा मी गोड मानून घेत नाही. शिष्यवृत्तीचे महिने मोजके आहेत, राहण्याच्या परवान्यावर तारीख छापलेली आहे, आणि एका सहीसाठी महिना गेला की मला राग येतो. तो यायलाच हवा.

आता रात्री आठनंतर वही उघडत नाही. पहिले काही दिवस हात शिवशिवायचे. हल्ली चालायला जातो, झोप लागते, सकाळी डोकं जागेवर असतं. तिसऱ्या पानाचं म्हणशील तर पाच आठवडे झाले, अजून तिथंच आहे. काल एक छोटं उदाहरण सापडलं, ज्यात माझं 'उघड' चक्क खोटं ठरतं. इतका आनंद झाला की पहिल्यांदा तुलाच लिहावंसं वाटलं. उदाहरण सोबतच्या कागदावर आहे. सावकाश बघ, आणि कुठं चूक दिसली तर कळव.

तुझाच