खोक्यावर आधी छापा, मग विका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीला खानापूरहून आलेल्या माझ्या भाच्याने आपल्या गेमची डिस्क जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. आमच्या शहापूरच्या घरी चिरंजीवांनी साठवलेल्या पैशांत भर घालून नुकताच कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, घेतलेला. दोघांनी यंत्र उलटसुलट करून पाहिले, पण डिस्क घालायला खाचच नव्हती. हे मॉडेल स्वस्त का, हे दुकानदाराने सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. आता प्रत्येक गेम कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातून, ती म्हणेल त्या दराने घ्यावा लागतो आणि खेळून झाल्यावर तो ना विकता येतो, ना कुणाला उसना देता येतो. भाच्याने डिस्क त्याच कागदात गुंडाळून परत नेली.

मला नवल वाटले ते चिरंजीवांचे. ‘दुसऱ्या कंपनीचे तर याहून वाईट आहे,’ असे म्हणून त्यांनी कंपनीचीच बाजू मांडायला सुरुवात केली. अशिलालाच पैसे मोजून घेतलेले हे वकीलपत्र मी प्रथमच पाहिले.

ग्राहक एकमुखाने बोलले तर कंपन्या नमतात, याचा दाखला आहे. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’ या आपल्या कन्सोलसाठी दर २४ तासांनी इंटरनेट जोडण्याची सक्ती आणि वापरलेल्या डिस्कच्या देवाणघेवाणीवर निर्बंध जाहीर केले, तेव्हा इतका गदारोळ झाला की यंत्र बाजारात येण्यापूर्वीच, त्याच जून महिन्यात, दोन्ही गोष्टी मागे घ्याव्या लागल्या. (पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्टीत ही अट कशी पाळली गेली असती, याची कल्पनाच केलेली बरी.) सोनीच्या चाहत्यांनी तेव्हा प्रतिस्पर्ध्याची यथेच्छ खिल्ली उडवली, मात्र सोनीच्याच ‘प्लेस्टेशन ३’ या कन्सोलवर फुकट असलेल्या ऑनलाइन सामन्यांपैकी बहुतेकांसाठी ‘प्लेस्टेशन ४’वर वर्गणी भरावी लागेल, हेही त्याच महिन्यात जाहीर झाले होते, आणि ती वर्गणी बहुतेकांनी निमूटपणे भरली. निन्टेंडोने तर ‘वी यू’ आणि ‘थ्रीडीएस’ या यंत्रांची ऑनलाइन दुकाने मार्च २०२३ मध्ये नव्या खरेदीसाठी बंद केली. केवळ तिथेच मिळणारे गेम आता रीतसर विकत घेण्याची सोय उरलेली नाही.

निष्ठा म्हणजे काय, हे सीमाभागातील मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. १९५६ पासून आपण ती निभावतो आहोत. पण भाषेवरची निष्ठा आणि यंत्रावरच्या छापाची निष्ठा यांना एका पारड्यात तोलणे मला तरी जमत नाही. तिन्ही कंपन्यांचे चाहते एकमेकांशी भांडत असल्यामुळेच तिघींना आपापल्या अटी लादणे सोपे जाते.

कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून, डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी नव्हे तर केवळ वापराचा परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगणे विक्रेत्यांना बंधनकारक झाले आहे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही वस्तूची नीट माहिती मिळण्याचा हक्क आहे. त्याच्या आधारे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘यात डिस्क चालत नाही, घेतलेला गेम विकता किंवा उसना देता येणार नाही’ एवढे दोन ओळींत, ठळक अक्षरांत, अशा कन्सोलच्या खोक्यावर छापायला लावावे. कन्नडमध्ये की मराठीत, हा वाद आपण नंतर घालू.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव