फॉक्सप्रोमधील महाजन नोंदवहीशी तुमच्या प्रोग्रॅमची जोडणी होत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज सकाळी मी फोनवर बोलत असतानाच तुमच्या हेल्पडेस्कने आमची तक्रार ‘ग्राहकाच्या संगणकातील दोष’ असा शेरा मारून बंद केली. आमच्या संगणकात कसलाही दोष नाही. म्हणून थेट तुम्हाला लिहीत आहे.

आमच्या देवस्थानच्या महाजनांची (वंशपरंपरागत सभासदांची) आणि कुळाव्यांची (ज्यांचे हे कुलदैवत त्यांची) नोंदवही फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आहे. कारकून रोज त्यातच पत्ते बदलतो, नवी नावे चढवतो. अभिषेकाच्या आणि देणग्यांच्या पावत्या तुमच्या प्रोग्रॅममध्ये करायच्या, आणि पावती फाडताना नाव-पत्ता फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींतून (त्यांतच नोंदी साठतात) तिथल्या तिथे उचलायचा, एवढ्यासाठीच समितीने खर्च मंजूर केला. तुमच्या माहितीपत्रकात ‘फॉक्सप्रो, डीबेस, अ‍ॅक्सेसशी ओडीबीसीद्वारे थेट जोडणी’ असे ठळक छापले आहे. ओडीबीसी म्हणजे एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचा डेटा जागच्या जागी वाचू देणारी सोय. थेट जोडणी. आयात, म्हणजे डेटाची वेगळी प्रत करणे, नव्हे.

आणि पाठवलात 64 बिटचा प्रोग्रॅम. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे ही जोडणी करून देणारा छोटा प्रोग्रॅम, फक्त 32 बिटचा आहे, आणि 64 बिटच्या प्रोग्रॅमला तो वापरता येत नाही. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती 9.0, ती 2004 सालची. मायक्रोसॉफ्टने 2015 च्या जानेवारीत तिचा सपोर्टही संपवला. थेट जोडणी विकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवे.

आता आजचे संभाषण. मी सांगितले, “सिसवाऊ64 फोल्डरमधल्या 32 बिटच्या ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमध्ये ड्रायव्हर दिसतो, डीएसएनही, म्हणजे जोडणीची नोंदही, तयार झाला. तुमच्या प्रोग्रॅममधून उघडला की ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ येते.” पलीकडून उत्तर आले, “मग 64 बिटचा ड्रायव्हर डाउनलोड करा.” मी म्हटले, “तो कधी निघालाच नाही.” “काका, नीट शोधा, मिळेल. नाहीतर घरात कोणी जाणकार असेल त्याला फोन द्या.” मी शांतपणे विचारले की तुमच्या प्रोग्रॅमची 32 बिटची आवृत्ती आहे का. त्यावर, “देवळाचंच काम आहे ना? एवढा डेटाबेस कशाला? एक्सेलमध्ये टाका.” मागे कोणीतरी हसल्याचे मला स्पष्ट ऐकू आले. मी अजून बोलतच होतो, तेवढ्यात तक्रार बंद झाल्याचा मेसेज मोबाइलवर आला.

देवळाचंच काम! या नोंदवहीवरून महाजनांच्या निवडणुकीची यादी निघते, आणि एक नाव चुकले तरी प्रकरण मामलेदारांपर्यंत जाते. एक्सेलमध्ये नोंदणी क्रमांक नुसते टाइप केले की सुरुवातीची शून्ये गळतात. शिवाय दुसऱ्याच दिवशी त्या प्रतीत आणि मूळ नोंदवहीत फरक पडतो. दोन वह्या सांभाळायच्या असत्या तर तुमच्याकडे आलोच नसतो.

तुमच्या इंजिनिअरने मागे दुरून संगणकाचा ताबा घेऊन आयात करून दिली, त्याचे काय झाले तेही वाचा. फॉक्सप्रोमध्ये नोंद वगळली तरी ‘पॅक’ करेपर्यंत, म्हणजे वगळलेल्या नोंदी कायमच्या काढेपर्यंत, ती फाइलीतच राहते, तिच्यावर फक्त वगळल्याची खूण असते. फॉक्सप्रोच्या ड्रायव्हरमध्ये अशा नोंदी लपवण्याची सोय आहे. तुमच्या आयातीने त्या खुणेकडे पाहिलेच नाही आणि मयत महाजन पुन्हा यादीत आले. त्या यादीवरून जत्रेची निमंत्रणे छापली गेली. शिरोड्याच्या एका बाईंनी आपल्या दिवंगत यजमानांच्या नावाचा लिफाफा आमच्या कार्यालयात आणून टेबलावर ठेवला. वर ‘श्री’ लिहिलेले, नाव पूर्ण, पत्ता अचूक. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या मुखत्यारांनी हात जोडून त्यांची क्षमा मागितली. खरे तर ती तुम्ही मागायला हवी होती.

तुमचे नाव ऐकून आम्ही स्वस्तातला प्रोग्रॅम नाकारला होता. समितीच्या बैठकीत मीच तुमची बाजू घेतली होती. आता त्याच बैठकीत उत्तर मलाच द्यावे लागणार आहे.

आमची मागणी अशी: त्याच परवान्यावर 32 बिटची आवृत्ती द्या आणि फॉक्सप्रोशी जोडणी करून दाखवा. ती नसेल तर वार्षिक देखभालीच्या रकमेसह सर्व पैसे परत करा. पुन्हा सांगतो, आम्हाला आयात नको, थेट जोडणी हवी; माहितीपत्रकात तेच छापले आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही ग्राहक आयोगाकडे जाणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, तेव्हा तुमच्या शहरापर्यंत आम्हाला यावे लागणार नाही. तुम्हालाच दक्षिण गोव्यात यावे लागेल. माहितीपत्रक, एररचे फोटो आणि तो लिफाफा आमच्याकडे जपून ठेवला आहे.

यापुढे या विषयावर हेल्पडेस्कचा फोन मी घेणार नाही. जबाबदार अधिकाऱ्याने लेखी कळवावे.

सचिव,
देवस्थान समिती
फोंडा, गोवा