तुझं पांढऱ्या तुऱ्यांचं झाड

प्रिय मनू,

फोटो मिळाले गं सगळे, व्हॉइस नोट पण दोनदा ऐकली. अ‍ॅप म्हणतंय युरोपातला हॉर्स चेस्टनट, होमस्टेवाले काका म्हणाले खनोर, आणि तू विचारतेस खरं कोणाचं. काकांचं! हा आपला हिमालयातला हॉर्स चेस्टनट, शास्त्रीय नाव एस्क्युलस इंडिका, हिमाचलात खनोर आणि उत्तराखंडात पांगर. काश्मीरपासून पश्चिम नेपाळपर्यंत दऱ्यादऱ्यांतून, साधारण ३००० मीटर उंचीपर्यंत सापडतो, आणि ओढ्याकाठची ओलसर सावलीची जागा त्याला फार आवडते, तुला तो नेमका तिथेच दिसला ना.

तुरे इतके देखणे आहेत की सगळं लक्ष तिकडेच जातं, ते साहजिक आहे. तुझा क्लोजअप मस्त आलाय, चार पांढऱ्या पाकळ्या, त्यावर पिवळे-तांबूस डाग आणि बाहेर डोकावणारे लांब पुंकेसर. एका तुऱ्यात ढीगभर फुलं असली तरी त्यातली बहुतेक नर असतात, त्यामुळे फळं मोजकीच धरतात. पण हा बहर मे-जूनपुरताच गं, ओळखायला शिकायचं तर पान बघायला हवं.

तुला ते सावरीसारखं वाटलं ते अगदी बरोबर, एका देठाच्या टोकाला पाच ते नऊ, बहुतेकदा सात पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे छोटे छोटे भाग, पंजासारख्या पसरलेल्या. आता फांदीवर नजर टाक. सावरीची पानं एकाआड एक येतात, खनोरची समोरासमोर जोडीने, आणि पर्णिकेच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात, जे सावरीला नसतात. आणि सातवीण म्हणशील तर तिथे ती सात वेगवेगळी पानं असतात, फांदीभोवती गोल लागलेली, आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. हे अख्खं पान की नुसती पर्णिका अशी शंका आली तर एकच कर, देठाच्या बगलेत कळी शोध. जिथे कळी तिथून पान सुरू, पर्णिकेच्या बुडाशी कळी कधीच नसते. मला हे कळल्यापासून कुठलंही संयुक्त पान बघायला मजा येते.

अ‍ॅपचा घोटाळा का झाला तेही सांगते. युरोपवाला, म्हणजे मूळचा बाल्कन डोंगरातला, याचा सख्खा भाऊच. पण त्याच्या पर्णिका थेट देठाच्या टोकाला चिकटलेल्या असतात, खनोरच्या प्रत्येक पर्णिकेला छोटासा स्वतःचा देठ असतो, तुझ्या तिसऱ्या फोटोत झूम केलं तर दिसतोय. शिवाय त्याच्या फळाला काटे असतात, खनोरचं फळ खरबरीत पण बिनकाट्याचं.

हिवाळ्यात पानं गळून जातात, तरी झाड ओळखता येतं. गळलेल्या देठाची खूण फांदीवर घोड्याच्या नालेसारखी उरते, आत खिळे ठोकल्यासारखे ठिपके, आणि फांदीच्या टोकाला मोठी फुगीर कळी.

आता महत्त्वाचं. तू म्हणालीस ऑक्टोबरात परत जाऊन चेस्टनट गोळा करून भाजणार, प्लीज तसं करू नकोस! खायचा चेस्टनट वेगळा, त्याचं पान साधं लांबट, फळाचं कवच सुयांनी भरलेलं, आणि बीला टोकाला बारीक शेंडी. खनोरची बी गोलसर, चकचकीत तपकिरी, बुडाशी मोठा फिकट डाग, शेंडी नाही. तिच्यात सॅपोनिन असतं, साबणासारखा फेस आणणारं, तेच जे रिठ्यात असतं (रिठा, लिची आणि खनोर एकाच कुळातले, काय कुळ आहे बघ!), कच्ची खाल्ली तर पोट बिघडेल आणि भाजून ते जात नाही. पहाडातले लोक बी वाळवून, दळून, पीठ पाण्यात पुन्हा पुन्हा धुवून कडवटपणा काढतात आणि मग गव्हाच्या पिठात मिसळतात. ते जाणत्या हातांचं काम आहे, आपण मधे पडू नये. काकांच्या घरी कोणाला येत असेल तर मात्र शेजारी बसून बघ, आणि किती पाणी बदलतात ते मला नक्की लिही.

पुढच्या वेळी फोटो काढशील तेव्हा तुऱ्यासोबत फांदीचा तुकडा, पानाची मागची बाजू आणि खोडाची साल पण घे.

तुझीच,
रेवा