निबंधाला दुसरा खर्डा मिळू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आपल्याकडे मुलं निबंध एकदाच लिहितात, तोही थेट पक्क्या वहीत आणि बऱ्याचदा गाईडमधला. शिक्षक लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, सही करतात, वही परत जाते. तो निबंध पुन्हा लिहायला कुणी सांगतच नाही.

माझ्या नववीच्या वर्गात आता आधी कच्चा खर्डा होतो, मग वह्यांची अदलाबदल. एकाने लिहिलं होतं, ‘जत्रेत खूप मजा आली.’ वही तपासणाऱ्या मुलीने समासात पेन्सिलीने विचारलं, ‘कशात? पाळण्यात बसलास की नुसता बघत होतास?’ दुसऱ्या खर्ड्यात वाक्य आलं, ‘पाळणा वर गेला की देवळाचा कळस खाली दिसायचा आणि मी डोळे मिटून घ्यायचो.’ तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, म्हणून त्याला सांगावंसं वाटलं.

हे आपोआप जमत नाही. सुरुवातीला ‘छान’, ‘अक्षर सुधार’ एवढेच शेरे येतात. आवडलेलं वाक्य अधोरेखित करायचं, कळलं नाही तिथे प्रश्न लिहायचा, शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, ही सवय लावावी लागते. फायदा शेरे देणाऱ्याचाही होतो. अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसते शेरे देणाऱ्यांचं स्वतःचं लेखन, शेरे घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलेलं दिसलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपत्रकात सहाध्यायी मूल्यमापन असावं, असं म्हटलेलंच आहे. मला भीती वाटते ती त्याचा भरायचा आणखी एक रकाना होण्याची. कृपा करून मुलांना एकमेकांना गुण द्यायला लावू नका. गुण आले की दोस्ती-भांडणं, ‘हुशार’ आणि ‘ढ’ हे सगळं समासात उतरतं आणि प्रश्न विचारायचे राहून जातात.

त्यापेक्षा वर्षाचे निबंध निम्मे करा, पण प्रत्येक दोनदा लिहून घ्या. कच्चा खर्डा, त्यावरचे सोबत्याचे शेरे आणि पक्का खर्डा हे तिन्ही एकत्र अंतर्गत मूल्यमापनात ग्राह्य धरा. आणि वही तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना परिपत्रकाने कळवा, की कच्च्या खर्ड्यातली खाडाखोड हा दोष धरू नये. आज त्या खाडाखोडीवर शेरा बसतो, म्हणून कितीतरी शिक्षक कच्चा खर्डा लिहूनच घेत नाहीत.

आपली नम्र,
एक मराठीची शिक्षिका