एकच कायदा, दोन राज्ये

महोदय,

गुजरातेत दारूबंदी आणि महाराष्ट्रात परवाना, म्हणजे दोन्हीकडचे मूळ कायदेच वेगळे असणार, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातच आहे. १९६० साली वाटणी झाली आणि तो दोघांच्याही पदरात पडला. गुजरातने तो आवळत नेला. विषारी दारूने बळी गेल्यास फाशीपर्यंतची तरतूद केली. (गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रासाठी मात्र २०२३ मध्ये सवलत निघालीच!) महाराष्ट्रातही कुठे सारखेपणा आहे? वर्धा, गडचिरोलीत बंदी. चंद्रपुरात २०१५ मध्ये लावली, २०२१ मध्ये उठवली.

बंदी हवी की नको, हा वाद मला घालायचा नाही. पण मुंबईत पिण्यासाठी परवाना कागदोपत्री आजही लागतो. कडक दारूसाठी वय २५, बिअरसाठी २१. मतदान १८ व्या वर्षी, आणि बांद्याचा नाका ओलांडून गोव्यात गेले की दारूही १८ व्या वर्षी. इथल्या बारमध्ये परवाना कोणी मागितल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. उत्पादन शुल्क विभागाने एक तर तो तपासावा, नाहीतर सरकारने ती अट रद्द करावी.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई